ल्युपस आहे, आई व्हायचंय, जमेल का?

सांधे, त्वचा, किडनी यांच्यावर हल्ला करणारे ‘कनेक्टिव्ह टिश्यू’चे आजार नेमके आपल्या वयात डोकं वर काढतात. लग्नाच्या बोलण्यात ते लपवले जातात आणि दिवस गेले की घाबरून गोळ्या बंद होतात. धोका आजारात आहेच, पण त्याहून जास्त तो या लपवण्यात आणि बंद करण्यात आहे.

डिसेंबर-जानेवारीत कळवणच्या कुठल्याही शिवारात जा, कांद्याची लागवड चाललेली दिसेल. सकाळी सकाळी गार पाण्यानं भिजलेल्या वाफ्यात बायका-पोरी रोपं लावत असतात. सुट्टी असेल तर कॉलेजच्या मुलीही त्यात असतातच. थंडीनं बोटं गारठतात, सगळ्यांचीच. पण एखादीची बोटं आधी पांढरीफटक पडतात, मग निळी होतात आणि शेकली की लालबुंद होऊन ठणकायला लागतात. ‘हिला थंडी बाधते’ एवढं म्हणून विषय संपतो.

दुसरी एखादी सकाळी उठते तेव्हा तिची मूठच वळत नाही. तासभर बोटं आखडलेली. तिसरीचे केस गळतात, सारखं तोंड येतं, उन्हात गेलं की गालांवर आणि नाकावर लाली चढते. हिमोग्लोबिन कमी आलं म्हणून लोहाच्या गोळ्या चालू होतात, पण थकवा काही जात नाही.

यातल्या प्रत्येकीला मोठा आजार आहे, असं मुळीच नाही. थंडीत बोटं पांढरी पडणाऱ्या बऱ्याच मुलींना पुढे काहीही होत नाही. पण काहीजणींच्या बाबतीत ही सुरुवात असते. आणि ती सुरुवात होते विशी-पंचविशीत. म्हणजे कॉलेज चालू असतं, घरात स्थळं बघायला सुरुवात झालेली असते आणि दोन-तीन वर्षांत ‘गोड बातमी कधी?’ हा प्रश्न येणार असतो. म्हणून हा विषय फक्त डॉक्टरांचा नाही. तो आपल्या वयाचा आहे.

शरीर स्वतःशीच भांडतं तेव्हा

शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात ‘संयोजी ऊती’ वाचल्याचं आठवतंय? अवयवांना जोडणारं, आधार देणारं शरीरातलं जे अस्तर असतं ते. सांधे, त्वचा, रक्तवाहिन्या, फुप्फुसं, किडनी, सगळीकडे ते असतं. आपली प्रतिकारशक्ती बाहेरून आलेल्या जंतूंशी लढण्याऐवजी या आपल्याच ऊतींवर चालून जाते, तेव्हा जे आजार होतात त्यांना ‘कनेक्टिव्ह टिश्यू डिसीज’ म्हणतात.

हे एक कुटुंबच आहे. ल्युपस, म्हणजे एसएलई. यात गालांवर फुलपाखरासारखी लाली येते आणि किडनीला सूज येऊ शकते. स्क्लेरोडर्मा, यात त्वचा कडक होत जाते. शोग्रेन, यात डोळे आणि तोंड कोरडं पडतं. मायोसायटिस, यात स्नायू कमजोर होतात. अभिनेत्री समंथा रुथ प्रभूनं 2022 मध्ये स्वतःला झाल्याचं सांगितलं तो आजार हाच. सांधे सुजवणारा ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपल्याकडे ज्याला आमवात म्हणतात तो, यांचाच जवळचा भाऊबंद. शिवाय रक्तात गुठळ्या करणारा ‘अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम’ पुष्कळदा ल्युपसच्या जोडीनं येतो.

ल्युपसच्या दर दहा पेशंटमध्ये साधारण नऊ बायका असतात, आणि बहुतेकींना तो मूल होण्याच्या वयातच गाठतो. हा संसर्ग नाही. एकाच ताटात जेवल्यानं, हात लावल्यानं तो कुणाला होत नाही. कुणाचा दोष नाही, कुणाची करणी नाही, गडाला बोललेला नवस फेडायचा राहिला म्हणून झालाय, असंही नाही.

भिगवणनं दाखवलेली गोष्ट

‘असले आजार शहरातल्या लोकांना’ असं वाटत असेल तर पुणे-सोलापूर रस्त्यावरचं भिगवण आठवा. फ्लेमिंगोसाठी प्रसिद्ध असलेलं, उजनीच्या पाण्याकाठचं गाव. 1996 मध्ये पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या टीमनं तिथे सर्व्हे सुरू केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यक्रमाचाच तो भाग होता. घरोघरी जाऊन 4,092 प्रौढांची विचारपूस झाली. त्यातल्या 18.2 टक्के लोकांना सांधे-स्नायूंचं दुखणं होतं. म्हणजे जवळपास दर पाचांमागे एकाला. आमवाताचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघालं.

अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण जरा हिशोब करू. कळवण तालुक्याची लोकसंख्या दोन लाखांच्या घरात. त्यात प्रौढ साधारण सव्वा लाख धरले आणि भिगवणचंच प्रमाण लावलं, तर आकडा सहाशेच्या पुढे जातो. हा फक्त ढोबळ अंदाज आहे. ल्युपस याहून कितीतरी दुर्मीळ. तरीपण ‘वाताचा त्रास’ म्हणून गप्प बसलेल्या गर्दीत काहीजणींचं दुखणं वेगळं असतं आणि त्या ओळखू येत नाहीत, एवढं यातून कळतं.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. आदिवासी समाजात सिकलसेल आहे. त्यातही सांधे-हाडं दुखतात, रक्त कमी होतं. त्यामुळे नुसत्या लक्षणांवरून कुणी काहीच ठरवू नये, ना सिकलसेल, ना ल्युपस. रक्ताची तपासणी होऊ द्यावी.

पूर्वी उत्तर एकच होतं: नको!

पन्नास-साठ वर्षांपूर्वी ल्युपस असलेल्या बाईनं ‘मूल हवंय’ म्हटलं, तर जगभरातले डॉक्टर सरळ नाही म्हणायचे. त्याला कारणही होतं. 1960 ते 65 या काळातल्या नोंदी बघितल्या तर ल्युपसमधल्या शंभरातल्या 43 गरोदरपणांत बाळ हाती लागत नव्हतं. 2000 ते 2003 या काळात हे प्रमाण 17 वर आलं.

आजार तोच आहे, तो मुळापासून बरा करणारं औषध आजही नाही. मग बदललं काय? बदललं ते नियोजन. कोणत्या वेळी मूल होऊ द्यायचं, कोणती गोळी चालू ठेवायची, कोणती आधीच बदलायची, कोणत्या आठवड्यात काय तपासायचं, हे कळलं.

अमेरिकेत झालेला आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेला ‘प्रॉमिस’ नावाचा अभ्यास तर फार धीर देणारा आहे. ल्युपस असलेल्या 385 गरोदर बायका त्यात होत्या. गर्भ राहताना सगळ्यांचा आजार शांत किंवा थोडासाच जागा होता. त्यातल्या 81 टक्के बायकांचं गरोदरपण मोठ्या गुंतागुंतीशिवाय पार पडलं. पण ‘आजार शांत किंवा थोडासाच जागा’ ही अट विसरायची नाही. सगळं गणित तिच्यावरच उभं आहे.

आधी आजाराला झोपू द्या

म्हणून पहिला नियम: गर्भ राहण्याआधी आजार निदान सहा महिने शांत हवा. आणि तो शांत असायला हवा गर्भारपणात चालणाऱ्या औषधांवर. किडनीची सूज चालू असताना, लघवीतून प्रोटीन जात असताना दिवस गेले, तर आईची किडनी आणि बाळाची वाढ दोन्ही धोक्यात येतात. तीच बाई वर्षभर थांबली, तर चित्र पार वेगळं असू शकतं.

म्हणजे डॉक्टर ‘आत्ता नको’ म्हणाले, तर त्याचा अर्थ ‘कधीच नको’ असा नसतो. आपल्याकडे मात्र दोन्हीचा अर्थ एकच लावला जातो आणि घरात रडारड सुरू होते.

काहीजणींसाठी मात्र उत्तर खरंच ‘नको’ असतं, तेही सांगायला हवं. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब खूप वाढलेला असेल (स्क्लेरोडर्मात हे जास्त बघायला मिळतं), हृदय किंवा किडनी फार कमजोर झाली असेल, तर गरोदरपणात आईचा जीव जाऊ शकतो. गायिका सेलेना गोमेझला ल्युपस आहे, 2017 मध्ये तिला मैत्रिणीनं किडनी दिली. आपण स्वतः बाळाला जन्म देऊ शकत नाही, त्यात आपल्या आणि बाळाच्या जिवाला धोका आहे, हे तिनं 2024 मध्ये उघडपणे सांगितलं. असं सांगायला हिंमत लागते. आणि मूल दत्तक घेऊनही आई होता येतं, हे ऐकून घ्यायला घरच्यांकडेही तेवढीच हिंमत लागते.

थांबायचं तर गर्भनिरोधन आलंच. त्याबद्दल बोलताना आपण अडखळतो, पण इथे चूक परवडत नाही. सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या माला-एन गोळ्यांत इस्ट्रोजेन असतं. ज्यांच्या रक्तात गुठळ्या करणाऱ्या अँटिबॉडीज आहेत किंवा ज्यांचा ल्युपस भडकलेला आहे, त्यांनी त्या घ्यायच्या नसतात. तांबी बहुतेकींना चालते. म्हणून गोळ्यांचं पाकीट घेताना ‘मला हा आजार आहे’ एवढं एक वाक्य बोलायचंच.

गोळ्या: कोणती चालू, कोणती बंद?

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो इथे. दिवस गेल्याचं कळलं की आई, सासू, शेजारीण सगळ्यांचा एकच सल्ला: ‘आता त्या गोळ्या बंद कर, बाळाला बाधतील.’ सल्ला मायेपोटी दिलेला असतो. पण सगळ्या गोळ्या एका माळेचे मणी नाहीत.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे नाव कोविडच्या काळात सगळ्यांच्या तोंडी होतं. मूळचं ते मलेरियाचं औषध, आणि ल्युपसच्या पेशंटसाठी तर ते रोजचं. गरोदरपणात ते चालू ठेवायचं असतं. ते अचानक सोडलं तर आजार उसळण्याची शक्यता वाढते. अॅझाथायोप्रिन, सल्फासॅलाझिन आणि कमी डोसमधलं प्रेडनिसोलोन म्हणजे स्टेरॉइड, हीसुद्धा डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालतात. स्टेरॉइड तर एका दिवसात बंद करणं जिवावर बेतू शकतं, कारण शरीराला बाहेरून मिळणाऱ्या स्टेरॉइडची सवय झालेली असते.

दुसऱ्या बाजूला मेथोट्रेक्सेट. आमवातात आठवड्यातून एकदा घ्यायची ही गोळी खूप जणी घेतात. तिच्यामुळे गर्भपात होऊ शकतो, बाळात व्यंग येऊ शकतं. ती गर्भ राहण्याच्या एक ते तीन महिने आधी थांबवतात. किडनीसाठी दिलं जाणारं मायकोफेनोलेट निदान सहा आठवडे आधी बदलावं लागतं. सायक्लोफॉस्फामाइड चालत नाही. लेफ्लुनोमाइड शरीरात फार दिवस रेंगाळतं, म्हणून ते धुऊन काढायला वेगळं औषध देतात. किडनी सांभाळण्यासाठी दिलेल्या रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारख्या बीपीच्या गोळ्याही गर्भाला चालत नाहीत, वेळेवर बदलाव्या लागतात. आणि मेडिकलमधून सहज घेतल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या पेनकिलर वीस आठवड्यांनंतर टाळायला सांगतात.

आता बघा, यातली कुठलीच गोष्ट दिवस गेल्यावर ठरवून भागत नाही. पाळी चुकल्याचं कळेपर्यंत बाळाचं हृदय धडधडायला लागायची वेळ झालेली असते. म्हणून हे बोलणं आधीच व्हायला हवं, जमलं तर लग्न ठरतानाच.

आणि समजा मेथोट्रेक्सेट चालू असतानाच दिवस गेले? मग ती गोळी लगेच थांबवायची आणि त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचा. लाजून किंवा भिऊन महिना घालवायचा नाही.

आठवडे बाजारातल्या ‘सांधेदुखीवर रामबाण’ पुड्यांबद्दलही सांगायला हवं. अशा पुड्यांत गुपचूप स्टेरॉइड मिसळलेलं सापडल्याच्या बातम्या आपल्या देशात पुन्हा पुन्हा येतात. दोन दिवसांत आराम पडतो तो त्यामुळे. आत काय आहे हे माहीत नसलेली पुडी गरोदर बाईनं तर मुळीच घेऊ नये.

‘हिचं टिकत नाही’

एक गर्भपात, दुसरा, तिसरा. मग गावात कुजबुज सुरू होते: ‘हिचं टिकत नाही.’ कुणी देवऋषी सुचवतं, कुणी दुसरं लग्न. रक्त तपासायचं मात्र कुणी सुचवत नाही.

1983 मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमधले डॉ. ग्रॅहम ह्यूज यांनी एका नव्या आजाराचं वर्णन केलं. काही बायकांच्या रक्तात अशा अँटिबॉडीज असतात की रक्त गोठायला लागतं. वारेत म्हणजे प्लॅसेंटात नीट रक्त पोचत नाही आणि बाळ पोटातच जातं. हाच तो अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. यासाठी रक्ताच्या तीन तपासण्या असतात आणि पॉझिटिव्ह आल्या तर बारा आठवड्यांनी पुन्हा करून खात्री करतात.

उपचार काय? अगदी कमी डोसची अॅस्पिरिन आणि पोटाच्या कातडीखाली घ्यायचं हेपॅरिनचं इंजेक्शन. 1997 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला. वारंवार गर्भपात झालेल्या आणि या अँटिबॉडीज असलेल्या 90 बायका त्यात होत्या. नुसत्या अॅस्पिरिनवर असलेल्यांपैकी 42 टक्क्यांना जिवंत बाळ झालं. अॅस्पिरिन आणि हेपॅरिन दोन्ही दिलेल्यांपैकी 71 टक्क्यांना. ‘टिकत नाही’ म्हणून जिला टाकून दिलं जातं, तिच्या हातात बाळ देण्याची ताकद एवढ्या साध्या उपचारात आहे. फक्त तपासणीचं नाव कुणीतरी वेळेवर काढायला हवं.

बाळाच्या हृदयाचे ठोके

शोग्रेन आणि ल्युपसच्या काही पेशंटच्या रक्तात ‘अँटि-रो’ नावाची अँटिबॉडी असते. ती वारेतून बाळापर्यंत जाते. पहिल्या खेपेला अशा शंभरातल्या एक-दोन बाळांच्या हृदयात ‘हार्ट ब्लॉक’ होतो. म्हणजे ठोक्याचा सिग्नल वरून खाली पोचत नाही आणि ठोके निम्म्यावर येतात. अशा बऱ्याच बाळांना पुढे पेसमेकर लागतो. म्हणून अशा आयांची सोनोग्राफी वेगळी असते. साधारण 16 ते 18 आठवड्यांपासून 26 आठवड्यांपर्यंत बाळाच्या हृदयाचा इको पुन्हा पुन्हा करतात. पहिल्या बाळाला हा त्रास झालेला असेल तर पुढच्या वेळी हायड्रॉक्सिक्लोरोक्विननं धोका कमी होतो, असं 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं.

काही बाळांच्या अंगावर जन्मानंतर लाल चट्टे येतात. आईच्या अँटिबॉडीज सहा-आठ महिन्यांत बाळाच्या रक्तातून निघून जातात आणि चट्टेही जातात. बाळाला ल्युपस ‘लागला’ असा त्याचा अर्थ नाही.

सूज, बीपी आणि गोंधळ

सातव्या-आठव्या महिन्यात पाय सुजले, बीपी वाढलं, लघवीत प्रोटीन आलं, तर कुठलाही डॉक्टर आधी प्रीएक्लॅम्प्सियाचा विचार करेल. पण ल्युपसनं किडनीवर हल्ला केला तरी नेमकं हेच दिसतं. आणि दोन्हींचा उपाय वेगळा. एकात बाळंतपण लवकर करावं लागू शकतं, दुसऱ्यात ल्युपसची औषधं वाढवावी लागतात. फरक ओळखायला आधीचे रिपोर्ट लागतात. चौथ्या महिन्यात लघवीत किती प्रोटीन होतं, बीपी किती होतं, हे कागदावर असेल तर डॉक्टरांचं निम्मं काम होतं. प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका कमी व्हावा म्हणून ल्युपसच्या गरोदर पेशंटना तिसऱ्या महिन्याच्या अखेरीपासूनच कमी डोसची अॅस्पिरिन सुरू करतात.

आमवाताची गंमत मात्र उलटी आहे. गरोदरपणात तो पुष्कळ जणींमध्ये आपोआप कमी होतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे फिलिप हेंच यांनी 1930 च्या दशकात हे टिपून ठेवलं. शरीरातच असं काहीतरी आहे जे सूज शमवतं, हा विचार त्यांनी सोडला नाही. त्यातून कॉर्टिझोनचा उपचार निघाला आणि 1950 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. म्हणजे आज जगभर वापरतात त्या स्टेरॉइडच्या गोळीमागे गरोदर बायकांच्या सांध्यांचं निरीक्षण आहे! पण बाळंतपणानंतर हा आमवात पुष्कळदा परत येतो, तोही जोरात. ल्युपसही बाळंतपणानंतर उसळू शकतो. म्हणून ‘बाळंतीण झाली, सुटली’ असं समजायचं नाही. अंगावर पाजताना चालणाऱ्या गोळ्या वेगळ्या असतात, त्याही आधीच विचारून ठेवायच्या.

कळवणहून नाशिक, ऐंशी किलोमीटर

आता आपल्या गावाकडे येऊ. कळवणला उपजिल्हा रुग्णालय आहे, गावोगावी आरोग्य केंद्रं आहेत, आशाताई आहेत. संधिवाततज्ज्ञ मात्र तालुक्याच्या गावात सहसा बसत नाहीत, त्यासाठी नाशिक गाठायचं. नांदुरी, वणी, दिंडोरी करत एसटीनं दोन-अडीच तास. पोटुशी बाई, सांधे सुजलेले आणि रस्त्यातले खड्डे. एका खेपेला सबंध दिवस जातो आणि सोबत येणाऱ्याची मजुरीही बुडते.

म्हणून कामाची वाटणी करून घ्यावी लागते. औषधं ठरवणं, अँटिबॉडीजच्या तपासण्या, बाळाच्या हृदयाचा इको हे नाशिकला. बीपी, वजन, लघवीची पट्टी, हिमोग्लोबिन हे इथेच. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. 2016 पासून हे चालू आहे. जोखमीचं गरोदरपण असेल तर कार्डावर लाल स्टिकर लावतात. ल्युपस असलेल्या बाईच्या कार्डावर तो स्टिकर पहिल्याच भेटीत लागायला हवा, आणि त्यासाठी आजार तिनं सांगायला हवा. लाल स्टिकर म्हणजे बदनामी नव्हे. रात्री दोन वाजता 108 मधून आलेली बाई कोण आहे, हे अनोळखी डॉक्टरला सांगणारी ती खूण आहे.

अडचण आणखी एका ठिकाणी येते. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात मुलगी माहेरी येते आणि फाइल सासरच्या कपाटात राहते. कामासाठी द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडकडे जाणाऱ्या कुटुंबांचंही तेच. बाई एका तालुक्यात, तिचे रिपोर्ट दुसऱ्या. वर वाचलंत तसं, जुन्या रिपोर्टशिवाय डॉक्टर अंधारात चाचपडतात. म्हणून सगळ्या कागदांचे फोटो मोबाइलमध्ये एका अल्बममध्ये ठेवा. नवऱ्याच्या, भावाच्या, आईच्या फोनमध्येही तोच अल्बम. फुकटात होणारं काम आहे आणि ते आपल्या पिढीला घरातल्या कुणापेक्षाही चांगलं जमतं.

आणि लग्नाचं काय?

सगळ्यात अवघड भाग हा. बायोडेटात उंची असते, रंग असतो, शिक्षण असतं. आजार नसतो. ‘सांगितलं तर स्थळ मोडेल’ ही आईबापांची भीती खोटी नाही, मोडतातही. पण न सांगता लग्न झालं की पुढे काय होतं? मुलगी गोळ्या लपवून घेते. मग लपवणं जमत नाही म्हणून बंद करते. आजार उसळतो. त्यातच दिवस जातात. डॉक्टरांना सांगायला नवरा बाहेर जाण्याची वाट बघावी लागते. लपवलेला आजार असा थेट गरोदरपणात जाऊन फुटतो.

जो मुलगा हे ऐकून ‘ठीक आहे, डॉक्टरांकडे आपण दोघं जाऊ’ म्हणतो, तो ऐंशी किलोमीटर सोबत येईल. जो ऐकून निघून जातो, तो तसाही आठव्या महिन्यात रात्री गाडी शोधायला उपयोगाचा नव्हता.

हे वाचणाऱ्या मुलांनो, तुमचाही यात भाग आहे. बहिणीची बोटं सकाळी आखडतात, हे आईच्या आधी तुमच्या लक्षात येऊ शकतं. नाशिकच्या अपॉइंटमेंटला बाइक काढणं, गोळी कधी संपते त्याचा रिमाइंडर लावणं, ‘वहिनी, गोळी बंद करू नका, आधी डॉक्टरांना फोन लावू’ असं घरात ठामपणे म्हणणं, यातलं काहीही अवघड नाही.

लक्षात ठेवायच्या गोष्टी

• सकाळी तासभर सांधे आखडणं, थंडीत बोटं पांढरी-निळी पडणं, उन्हानं गालावर लाली, सारखं तोंड येणं, न जाणारा थकवा, यातलं दोन-तीन एकत्र आणि महिना-दीड महिना असेल तर तपासणी करा.

• आजार आहे आणि मूल हवंय? गर्भ राहण्याआधी निदान सहा महिने आजार शांत हवा. तोपर्यंत गर्भनिरोधन डॉक्टरांना विचारून.

• लग्न ठरतानाच डॉक्टरांना विचारा: माझ्या गोळ्यांपैकी कोणती बदलायची आणि किती महिने आधी?

• दिवस गेले म्हणून स्वतःच्या मनानं सगळ्या गोळ्या बंद करू नका. आधी फोन, मग निर्णय.

• गर्भपात पुन्हा पुन्हा होत असेल तर अँटिफॉस्फोलिपिडची तपासणी करायला सांगा.

• डोकं खूप दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, अंगावर अचानक सूज, बाळाची हालचाल कमी, पोटरी सुजून दुखणं, धाप लागणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. 108 ला फोन करा.

• पहिल्याच भेटीत आशाताईंना आणि डॉक्टरांना आजाराचं नाव सांगा. फाइलचे फोटो घरातल्या तिघांच्या फोनमध्ये ठेवा.